वळकटी, दोन इंच फोम आणि आमच्या फाट्यावरची शेड

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले आजी, माजी आणि होऊ घातलेले सर्व आमदार, खासदार व मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या फाट्यावरची पिकअप शेड.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. कणकवली तालुक्यात राहतो. छत्तीस वर्षं तिकिटं फाडली, त्यातली निम्मी मुंबईच्या रातराणीवर. त्यामुळे थांबा म्हटला की माझं लक्ष आपोआप दोन गोष्टींकडे जातं. तिथे माणसं किती उभी आहेत आणि पाटी काय आहे. आमच्या फाट्यावरची शेड गेल्या पावसाळ्याआधी नवी झाली. पत्रे निळे, खांब लोखंडी, बसायला सिमेंटचं बाकडं. दर्शनी पट्टीवर लोकप्रतिनिधींचा हात जोडलेला फोटो आणि फूटभर अक्षरांत नाव. बाकड्याच्या पाठीवर पुन्हा नाव, 'यांच्या स्थानिक विकास निधीतून'. उजव्या खांबावर तिसऱ्यांदा नाव, ते बहुधा रंगाऱ्याने उरलेल्या रंगात लिहिलं असावं. कोणाचं नाव ते इथे सांगत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेडी अशाच आहेत, तेव्हा एकट्यालाच का नाव ठेवा?

या शेडीवर गावाचं नाव नाही. कुठेच नाही.

परवा मराठवाड्यातून बदलून आलेला एक पोरगेला ड्रायव्हर गाडी थांबवून मला विचारत होता, "काका, हा कोणता फाटा?" त्याला एका म्हातारीला उतरवायचं होतं आणि म्हातारीला अंधारात दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं. तो शेडीकडे बघून म्हणाला, "मग हे वर लिहिलंय ते?" मी म्हटलं, ते गाव नव्हे, ते आमचे साहेब.

त्याच आठवड्यात, त्याच बाकड्यावर, एका मुलाने माझ्यासमोर सह्यांचा कागद धरला. सावंतवाडीच्या रेल्वे टर्मिनसला माजी रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते यांचं नाव द्या, ही मागणी तुम्हाला ठाऊक आहे. मी सही केली. आनंदाने केली. पण पेन परत देताना मनात आलं की या माणसाचं नाव मी आजवर रेल्वेतल्या एकाही वस्तूवर वाचलेलं नाही आणि तरी रेल्वेत आडवं पडलेल्या प्रत्येक माणसाच्या पाठीखाली तो आहे. ते कसं, ते सांगतो. तुमच्यातल्या तरुणांना हे कोणी सांगितलं नसेल.

१९७६ साली मी पहिल्यांदा लांबच्या रेल्वेने गेलो. मामा नागपूरला होता, त्याच्या मुलीचं लग्न. दादरहून दुसऱ्या वर्गाचं स्लीपर. तेव्हाच्या स्लीपरचा बर्थ म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. कोकणातल्या जुन्या घराच्या पडवीतलं बाकडं असतं ना, तेच, फक्त हलणारं. लोक घरून वळकटी घेऊन येत. सतरंजीत गोधडी, गोधडीत उशी, वर सुतळी. वळकटी कोणाची जाड आणि कोणाची पातळ, यावरून डब्यात माणसाची ऐपत कळायची. आईने माझ्याबरोबर एक जुनं लुगडं चौघडी करून दिलं होतं. इगतपुरीपर्यंत मी डाव्या कुशीवर, भुसावळपर्यंत उजव्या आणि त्यानंतर उठून बसलो. सकाळी पाठीवर पट्ट्यांचे वळ. मामी हसली, म्हणाली, कोणी मारलंन् काय रे तुला?

१९८१ साली त्याच मार्गावर पुन्हा गेलो. वळकटी होतीच, सवयीने. बर्थवर टाकायला गेलो तर खाली रेक्झिन आणि त्याच्या आत फोम. जेमतेम दोन इंच. शेजारचा सहप्रवासी, पोस्टातला होता, त्याने सांगितलं, हे तुमच्याकडचे दंडवते मंत्री असताना सुरू झालं. मी वळकटी उशाला घेतली आणि अकोल्याला डोळे उघडले. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत डब्यांतून वळकट्या दिसेनाशा झाल्या. आज माझ्या नातवाला हा शब्द सांगितला तर तो मला विचारतो, खायची वस्तू का?

आता हा माणूस कोण, कुठला, ते सांगतो. तुमच्यातल्या काहींना तो फक्त जयंतीच्या बॅनरवर भेटला असेल.

जन्म अहमदनगरचा, २१ जानेवारी १९२४. म्हणजे आमच्या भाषेत घाटावरचा. ना इथे जमीन, ना जातीची मतं, ना होडी, ना आंब्याची कलमं. मुंबईला बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. बेचाळीसच्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. १९७१ च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै अकाली गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. नाथ पैंच्या जागी उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्यांनी नाथ पैंचं भाषण ऐकलंय त्यांनाच कळेल. त्या निवडणुकीत देशभर इंदिरा गांधींची लाट. प्रजा समाजवादी पक्षाचे सबंध लोकसभेत दोन खासदार निवडून आले, त्यातला एक आमच्या राजापूरचा. पुढे १९७७, १९८०, १९८४, १९८९. चौऱ्याऐंशीला विरोधकांची धूळधाण उडाली, भलेभले घरी बसले, तेव्हाही राजापूरने यांनाच पाठवलं. घाटावरच्या प्राध्यापकाला पाच वेळा. आम्ही कोकणी माणसं चिकित्सक म्हणून बदनाम आहोत. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतानाही उलटीपालटी करून बघतो. पाच वेळा एकाच माणसाला मत देणं आमच्या स्वभावात बसत नाही, तरी दिलं.

मधे आणीबाणी. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगलोरला गेले होते, तिथेच वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर पकडले गेले. ते बंगलोरच्या तुरुंगात आणि बायको, प्रमिलाताई, येरवड्याला. नवरा-बायकोचा संसार वर्ष-दीड वर्ष पत्रांवर चालला, तीही सेन्सॉरच्या हाताखालून जाणारी पत्रं. प्रमिलाताई नुसत्या 'सौ.' नव्हत्या हेही सांगून ठेवतो. १९८० साली त्या स्वतः मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि हुंड्याविरुद्धचा कायदा कडक व्हावा म्हणून झगडल्या. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात पत्नी सरपंच असते आणि खुर्चीत पती बसतो, म्हणून आठवण झाली.

सत्त्याहत्तरच्या प्रचारात मी कणकवलीला त्यांचं भाषण ऐकलं. वीस वर्षांचा होतो. भाषणातलं वाक्य न् वाक्य आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आवाज चढवत नव्हते. वर्गात फळ्यापुढे उभा राहून मास्तर गणित सोडवतो, तसं एकेक पायरी करत चालले होते आणि मधेच एखादी कोटी करून मोकळे व्हायचे. दीड वर्ष तुरुंगात काढून आलेल्या माणसाच्या बोलण्यात कडवटपणा नाही, हे माझ्या बापाला पटेना. तो म्हणाला, "हेका राग कसो येणा नाय?"

मार्च १९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले. जुलै १९७९ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षं आणि थोडे दिवस. तुमची पाच वर्षं कशी जातात ते तुम्हाला माहीत. यांनी सव्वादोन वर्षांत काय केलं बघा. १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना परत घेतलं. संप मोडल्यावर घरात काय होतं हे एसटीवाल्याला सांगायला नको. चूल पेटते, पण तिच्यावर काय ठेवायचं याची पंचाईत. रेल्वेतल्या त्या माणसांच्या चुली यांनी पुन्हा पेटवल्या आणि त्याचा गाजावाजा केला नाही. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस २६ डिसेंबर १९७७ ला सुरू केली, त्या गाडीत पहिला वर्गच ठेवला नाही. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे आणि गाडी जलद. तोवर जलद गाडी म्हणजे पैसेवाल्यांची, ही समजूत होती. आणि तिसरं ते फोमचं.

फोमवर मी मघापासून इतका का अडकलोय, असं तुम्हाला वाटेल. कारण मी गाडीतला माणूस आहे. छत्तीस वर्षं मी माणसांना बसलेलं, उभं राहिलेलं, मान टाकून झोपलेलं बघितलंय. परशुराम घाटात ओकणारी पोरं, कशेडीच्या वळणावर डोकं दांड्याला आपटून जागे होणारे म्हातारे, पोलादपूरला चहाला उतरल्यावर पाठ सरळ करता करता "आई गं" म्हणणाऱ्या बायका. प्रवासात माणसाची पाठ काय मागते, हे दिल्लीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कळणं कठीण असतं. पहिल्या वर्गात आधीपासून गादी होती. मंत्री, सचिव, अधिकारी पहिल्या वर्गातूनच जायचे. दुसऱ्या वर्गाच्या फळीवर काय होतं ते त्यांच्या पाठीला कधी कळलंच नव्हतं. दंडवते पहिल्या वर्गाची गादी काढायला गेले नाहीत. फळीवर गादी घातली. खर्च किती येईल, डबे किती, हे त्यांना कोणी विचारलं नसेल असं नाही. पण झालं. आणि त्या रेक्झिनवर 'मा. रेल्वेमंत्री यांच्या संकल्पनेतून' असं छापलं नाही. छापलं असतं तर माणसं रोज त्यावर झोपली असती, तेवढाच मोबदला.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा आरती करतोय. त्या काळात आमच्याकडे एक तक्रार घरोघर होती. माझा बाप गिरणीत होता, सुट्टीवर आला की पडवीत बसून म्हणायचा, "रेल्वेमंत्री आमचो, आणि एक पोरगो चिकटवल्यान नाय!" इतर प्रांतांतले मंत्री आपल्या गावची पोरं भरतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं. माझा अर्जही तेव्हा कुठेतरी पडलेला होता. चिठ्ठी मिळाली नाही. मी एसटीत लागलो. बापाचा राग मरेपर्यंत गेला नाही. मला स्वतःला तो राग कधी गेला ते सांगता येणार नाही. पण एकदा माझ्याच गाडीत एक टीसी प्रवासी म्हणून बसला होता, तो म्हणाला, मी कोणाच्या चिठ्ठीने लागलो नाही म्हणून मला कोणाची हांजी हांजी करावी लागत नाही. त्या रात्री हातखंब्यापर्यंत मला झोप आली नाही.

कोकण रेल्वेचं म्हणाल तर ती एकट्या दंडवत्यांनी आणली असं मी म्हणणार नाही, आणि तेही कधी म्हणाले असतील असं वाटत नाही. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेसाठी आयुष्य वेचलं, तेव्हा लोक त्यांना वेडे म्हणायचे. नाथ पैंनी संसदेत घसा कोरडा केला. आमच्या आजीच्या पिढीला मुंबई म्हणजे बोट. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजी त्यानंतर कधी मुंबईला गेलीच नाही. बोट नको, आणि दुसरं काही नव्हतं. बोटी पावसाळ्यात बंद, म्हणजे चार महिने कोकण जगापासून तुटलेलं. मग एसटी आली. आम्ही बारा-चौदा तासांत पोचवायचो आणि स्वतःला शूर समजायचो.

दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबईकडून येणारा रूळ आपट्यापर्यंत होता, तो रोह्यापर्यंत नेण्याचं काम त्यांनी मार्गी लावलं. रोह्याला गाडी आली ती १९८६ मध्ये. तिथून पुढे सह्याद्री आणि सरकारी तिजोरी, दोन्ही आडवे. मग १९८९ च्या डिसेंबरात असा योग जुळला की पुन्हा जुळणं नाही. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नड जिल्ह्याचे. आणि अर्थमंत्री आमचे राजापूरचे खासदार. तिघांचंही नातं याच पट्ट्याशी. तिजोरीच्या किल्ल्या, आराखड्याचा कागद आणि इंजिनाची शिट्टी एकाच वेळी किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात. १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं दिली. पैसा केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांनी वाटून घातला आणि उरलेला रोखे काढून बाजारातून उभा केला. रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलाखाली वीस मजली इमारत उभी राहील. १९९३ ला गाडी वीरपर्यंत आली, १९९५ ला खेडपर्यंत. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याने शेवटी शेवटी फार रडवलं, मऊ माती पुन्हा पुन्हा खाली यायची. तरी २६ जानेवारी १९९८ ला रस्ता सलग झाला. साडेसात वर्षं.

आता मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण. काम सुरू झालं २०११ ला. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही दर गणपतीआधी लिहिता ते पुरेसं आहे.

रेल्वे आमच्यापर्यंत आली त्या वर्षी माझ्या रातराणीला मे महिन्यात बावीस सीटं रिकामी राहिली. मे महिन्यात! मी कंट्रोलरला वेबिल दाखवलं तर तो म्हणाला, बोर्डवर चूक आहे बघ. चूक नव्हती. पुढच्या दोन वर्षांत आमच्या आगाराच्या मुंबईच्या दोन फेऱ्या बंद झाल्या. म्हणजे ज्या माणसाला मी इथे नावाजतोय त्याने माझ्या पोटावर पाय ठेवला, असंही म्हणता येईल. मला तसं वाटलं नाही. मी चिडलो होतो, पण त्याच वर्षी बायकोला टाटा हॉस्पिटलला न्यायचं होतं आणि मी तिला माझ्या स्वतःच्या गाडीतून नेलं नाही. रेल्वेने नेलं. झोपवून नेलं. खाली दोन इंच फोम होता.

अर्थमंत्री म्हणून त्यांना वर्षभरही मिळालं नाही. १० हजारांपर्यंतची शेतकऱ्यांची कर्जं माफ केली, ती योजना बँकांना जड गेली असं बरेच जाणकार म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकत असेल असं मला वाटत नाही. कोकणातल्या माणसाला त्यातलं फारसं मिळालं नाही. आम्ही कर्जाला सापासारखे भितो. पण एक गोष्ट आमच्या वाडीत पोचली. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९६३ साली मोरारजीभाई अर्थमंत्री असताना हे नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. आमच्या गावचा सोनार मंगळसूत्राच्या वाट्या घडवण्यात पटाईत होता, तो छत्र्या आणि गजराची घड्याळं दुरुस्त करायला लागला. चौदा कॅरेटची अट पुढे उठली, पण परवाने, नोंदवह्या, तपासण्या राहिल्या. त्याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवते सत्त्याहत्तरला रेल्वेमंत्री होते, आणि अर्थमंत्री झाल्यावर मोरारजींचाच हा कायदा यांनी काढला. सोनार तोवर थकला होता. त्याचा मुलगा मात्र पेढीवर बसला. आज त्या पेढीत तुमच्यातल्या एकाचा सत्कार करतानाचा फोटो आहे, दंडवत्यांचा नाही.

आणि १९९१.

राजीव गांधींची हत्या झाल्यामुळे आपल्याकडचं मतदान जूनमध्ये गेलं होतं. मिरग लागलेला. माझी गाडी इलेक्शन ड्युटीला. मतपेट्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या, मास्तर लोकांच्या चपला हातात, एका केंद्रावर ओढ्याला पाणी आलं म्हणून पेटी डोक्यावरून न्यावी लागली. परत येताना गाडीत दोघे बोलत होते. एक म्हणाला, दंडवत्यांचं काही खरं नाही. दुसरा म्हणाला, "माणूस देवासारखो. पण देवाक मत कशाक व्हया?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

ते हरले. तिकडे रोह्याच्या पुढे डोंगर फुटत होते, सुरुंगांचे आवाज येत होते, आणि ज्याने त्यासाठी तिजोरी उघडली होती त्याला आम्ही घरी बसवलं. आम्हीच. मी मत कोणाला दिलं ते इथे लिहिलं तर मला लाज वाटेल, म्हणून लिहीत नाही.

त्यानंतर १९९६ ते ९८ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. देह जे. जे. रुग्णालयाला दिला होता. म्हणजे समाधीही नाही, जिथे दरवर्षी हार घालून तुम्हाला फोटो काढता येईल. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघसुद्धा पुसला गेला. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने जाताना सगळे दुवे नीट मिटवावेत, तसं काहीसं.

सावंतवाडीच्या टर्मिनसचं म्हणाल, तर त्याचं भूमिपूजन जून २०१५ मध्ये झालं. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, तेही राजापूरचेच माजी खासदार. रोहा ते वीर दुसरा रूळ पडला, सबंध मार्गावर विजेच्या तारा आल्या, हे चांगलंच झालं. टर्मिनस मात्र पुरं व्हायचंय. त्याला दंडवत्यांचं नाव द्या अशी मागणी करणारा कागद तुमच्याकडे येईल, माझी सही त्यात असेल, आणि तुमच्यापैकी बहुतेक जण पाठिंबा जाहीर कराल हेही मला माहीत आहे. नाव द्यायला खर्च येत नाही. त्याआधी एक करा. गणपतीच्या आधीच्या शनिवारी ठाण्याहून जनरल डब्यात चढा. पासवर नव्हे, रांगेत उभं राहून, दोरीने बांधलेल्या मखराच्या पेटीसकट. चिपळूणपर्यंत एका पायावर या. मग टर्मिनसला किती फलाट लागतील, किती जादा गाड्या तिथून सुटू शकतील आणि जनरलचे डबे किती हवेत, हे दिल्लीत सांगताना तुम्हाला कागद बघावा लागणार नाही. दंडवत्यांच्या नावाच्या कमानीखाली लोक अंथरूण पसरून फलाटावर झोपलेत, असं चित्र मला बघायचं नाही.

हे तुमच्या हातात पूर्णपणे नाही, हे मला कळतं. रेल्वे दिल्लीची, रूळ महामंडळाचे, जमीन राज्याची. पण आमच्या फाट्यावरची शेड पूर्णपणे तुमची आहे. तेव्हा त्याविषयी.

दर्शनी पट्टीवर, फोटोच्या खाली आणि नावाच्या डाव्या अंगाला, वीतभर जागा मोकळी आहे. मी टेपने मोजली. आमच्या गावाचं नाव चार अक्षरी. 'फाटा' धरला तर सहा. तुमच्या साहेबांचं नाव पदव्यांसकट तेवीस, त्यामुळे कोणाच्या मानाला धक्का लागायचं कारण नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले, शेड त्यांच्या ताब्यात अजून आलेली नाही. बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, रंगकाम अंदाजपत्रकात नाही. अंदाजपत्रकात नाही म्हणून मी बाजारातून काळा ऑइलपेंट पाव लिटर आणि एक बारका ब्रश आणला आहे. अक्षर माझं बरं आहे, पूर्वी आगारातले फलक मीच लिहायचो.

शेड सरकारी असल्यामुळे आधी कळवतो आहे. कोणाची हरकत असेल तर शनिवारपर्यंत सांगावी. रविवारी सकाळी पहिली गाडी गेली की मी कामाला लागेन. शिडी शेजाऱ्यांची मिळाली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
तालुका कणकवली